सगळं इन्क्लुडेड

...आणि वर म्हणे, सगळं इन्क्लुडेड! अहो, कसलं डोंबलाचं इन्क्लुडेड! तुम्हाला सांगतो, चेंबूरला माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात नंदकुमारची ट्रॅव्हल एजन्सी, त्यामुळे ही सगळी भानगड मी नुसती ऐकली नाही, भोगलीय!

नंदकुमार म्हणजे ट्रॉम्बे कोळीवाड्यातला. आई पुतळाबाई अजून बाजारात मासळीची पाटी मांडून बसते, आणि हा लोकांना सिंगापूर-दुबई दाखवतो. स्वतः? गोव्याच्या पुढे पाऊल नाही! तर एक दिवस अंधेरीच्या कुठल्याशा मोठ्या टूर कंपनीतून रुचिकामॅडमचा फोन. "सऽऽर! कॅरिबियन! बीच रिसॉर्ट! आम्ही एजंट लोकांना फुकट नेतोय. तुम्ही फक्त बघायचं आणि परत येऊन आपलं इम्प्रेशन सांगायचं. जेवण, ड्रिंक्स, समुद्र, सगळं इन्क्लुडेड!"

गडी हवेत! फुलाफुलांचा शर्ट घेतला, अर्धी चड्डी घेतली. मी म्हटलं, "नंद्या, शोभत नाही रे." तर म्हणे, "तिकडे सगळे असेच असतात." बरं, बेटाचं नाव विचारू नका, मला अजून नीट उच्चारता येत नाही.

पोचल्या पोचल्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली, हॉस्पिटलात बाळाला बांधतात ना, तश्शी. का? तर बाळ हरवू नये म्हणून! आणि मग सुरू झाली ती वरात... बसमध्ये चढा, उतरा, हॉटेल बघा, गादी दाबा, नळ सोडा, "वॉव" म्हणा, बसमध्ये चढा, पुढचं हॉटेल, पुढची गादी! नंदू सांगतो, "अरे, मी इतक्या गाद्या दाबल्या, कापूस पिंजणाऱ्याने दाबल्या नसतील!" आणि समोर समुद्र... हिरवा, निळा, काचेसारखा. कोळ्याचं पोर ते! पाय शिवशिवायला लागले. बूट काढतोय तोच रुचिका धावत, "सर, सर! फक्त फोटो हं! पाण्यात नाही, शेड्यूल टाइट आहे!" म्हणजे बघा, समुद्र इन्क्लुडेड, पण भिजणं नाही!

जेवायला बसले. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाचे हंस, कलिंगडाची फुलं, आणि मासा? पांढऱ्या सॉसखाली गुदमरलेला. नंदूने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला. वेटरला विचारलं, "भाऊ, हा इथलाच का?" वेटर अभिमानाने छाती फुगवून म्हणाला, "नो सर! इम्पोर्टेड! फ्रोझन!" अहो, खिडकीतून होड्या दिसतायत, होड्यांवर जाळी वाळतायत, आणि ताटात विमानाने आलेला मासा! ह्याला काय म्हणायचं?

नंदू उठला तो तडक वाळूत. चालत चालत गेला तर पुढे दोरी. दोरीच्या ह्या बाजूला छत्र्या आणि गोरी माणसं तेल लावून पडलेली, त्या बाजूला होड्या. आणि एक म्हातारी डोक्यावर मासळीची परात घेऊन दोरीपाशी उभी. हॉटेलचा वॉचमन तिला हाकलतोय, "चल, मागे हो, गेस्ट लोकांना त्रास होतो!" आणि बाई काय ऐकून घेते? तिने परात खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि जो काय तोंडाचा पट्टा सोडला... नंदूला एक शब्द कळला नाही, पण चाल? चाल पाठ होती हो! बाजारात भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला पुतळाबाई शिव्या देते, तीच चाल! त्याला आधी हसू आलं. मग वॉचमनचा राग आला.

तो दोरी ओलांडून गेला. वॉचमन ओरडला, "सर, पलीकडे आमची जबाबदारी नाही!" नंदू मराठीत म्हणाला, "नकोच!"

म्हातारीने होडीच्या सावलीत बसवलं, चुलीवर मासा भाजून दिला. तोडकंमोडकं इंग्रजी, बाकी हातवारे. तिने हॉटेलच्या स्विमिंग पूलकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. "माय हाऊस." एवढंच. नंदू पाण्यात उतरला, गुडघाभर, आणि रडला, असं त्यानेच मला सांगितलं. एजंट माणूस, कधी खरं बोलतो? पण हे खरं असणार.

बस त्याच्यासाठी खोळंबली. रुचिका लालबुंद. "सर, तुम्ही इंडियाचं नाव घालवलंत!" घरी आला तर आई विचारते, "काय रं नंद्या, म्हावरा कंचा खाल्लास?" हा बॅग उघडून कपडे काढत बसला!

मग अंधेरीला हॉटेलात समारंभ, नंदूने मलाही नेलं. एजंटांनी एकेक करून इम्प्रेशन सांगायचं, समोर पैसेवाली गिऱ्हाइकं. एक म्हणाला, "माइंडब्लोइंग!" दुसरा म्हणाला, "स्वर्ग!" नंदू उठला, आणि तुम्हाला सांगतो, सगळं ओकला. दोरी, फ्रोझन मासा, पूलखाली गेलेलं म्हातारीचं घर. "तिथल्या माणसांना त्यांच्याच किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत," म्हणाला. "एक माणूस आत येऊ शकत नाही!"

मला वाटलं, झालं, वाट लागली ह्याची. तर गिऱ्हाइकांतले घाटकोपरचे दिपेशभाई हळूच उभे राहिले. "म्हणजे एक पण फेरीवाला आत येत नाही? पक्का? अरे वा! मग माझी आख्खी फॅमिली लिहून घ्या!"

तुंबळ बुकिंग! तिथल्या तिथे! नंदूने नको म्हटलं का? कसं म्हणणार, दुकान चालवायचंय ना. दात-ओठ खात पासपोर्ट गोळा केले, आणि दुकानाच्या काचेवर त्या टूरची जाहिरात स्वतःच्या हाताने चिकटवली... सगळं इन्क्लुडेड!

परवा रुचिकाचा फोन, मी तिथेच होतो. "सर, गुड न्यूज! तुमचा फीडबॅक आम्ही थेट मॅनेजमेंटला कळवला. त्यांनी मनावर घेतलं, ती दोरी काढून टाकली!" नंदूचा चेहरा असा फुलला, मी कधी पाहिला नव्हता. "खरंच, मॅडम?"

"हो ना सर! आता तिथे पक्की भिंत बांधतायत."

फोन ठेवला त्याने. मी म्हटलं, "अरे नंद्या, गप्प काय बसलास? कळव त्यांना! खडसाव! बोल ना काहीतरी!"

तर म्हणाला, "नको रे बाबा. एकदा बोललो तर भिंत झाली."