जावेनं फोडली भित

माहं माहेर तिकडं रिसोडाकडं, लगन झालं अन् मालेगावच्या या बाजूले आली, तवापासून इथंच हाये. सासूबुढीनं मराच्या आधी परसातला वालाचा वेल मले दाखवला, म्हणे पोरी याचं बी बाजारात भेटत नाही, मोडू देऊ नको. दरसाली मी गाडग्यात बी ठेवो. औंदा पायलं त बियाले भुंगा लागला होता, चांगले दाणे निवडले अन् समदे मातीत घातले, मांगं एक नाही ठेवला. वेल चांगला वर आला, अन् मंग काय सांगू तुमाले, असा पाऊस झाला का परसाचं तळं.

आता आमचं अन् मोठ्या जावेचं परस एकच होतं, मधात तिनं भित घातली. त्या हद्दीवरूनच बोलणंचालणं बंद, कितीक वर्सं. उतार तिच्याकडं अन् भित आडवी, पाणी जाईन कुठं? वांगे, मिरच्या समदं पाण्यात उभं, अन् वालाचे पानं पिवये पडून राह्यले.

पाऊस उघडला तशी मी खुरपं घेऊन धावली, म्हणलं बुडाले माती लावतो. त भितीवरून जावेचा आवाज, पाय नको टाकू वं, वाफसा नाही अजून, माती ओलीगच्च हाये, काळी माती दबली का मुळ्या मरतात, येवढंबी समजत नाही काय तुले. मी हबकलीच. वावरात वाफसा आल्याबिगर डवरा नाही चालू देत मी, अन् घरच्या परसात अक्कल गहाण ठेवली. पण ते मले बोलली, याचाच धक्का जास्त. एक पाय वर धरून तशीच उभी राह्यली.

मंग धडधड आवाज. पायतो त बाई सब्बल घेऊन आपल्याच भितीचं बूड फोडून राह्यली. पाणी भळभळ तिच्या आंगनातून नालीत गेलं, तिची चूल बी भिजली. मी म्हणलं, बाई, काहून वो? त म्हणे माह्या लेकराइनं बी या वेलाच्याच शेंगा खाल्ल्या, बुढी काय तुह्या एकटीची होती?

वाफसा आल्यावर माती मोकळी केली, सडके पानं खुडले, बुडाशी राख टाकली. अर्धा वेल गेला, अर्धा फुटला. आता फुलं हायेत. आमी अजून कमीच बोलतो, सवय नाही राह्यली. पण पहिल्या तोड्याचा वानोळा तिच्या घरी जाईन, अन् औंदा मूठभर दाणे तिच्या गाडग्यात बी राहीन. भितीचं भोक तिनं बुजवलं नाही, मी बी बुजवा म्हणलं नाही. सुखात राहो माय ते.