नळी घालू कुठं?

न्हाई ओ राव, स्टँड लावूच नका — तुमच्या गाडीला पीयूसी लागत न्हाई! बॅटरीची स्कूटर ही, हिला धूरच न्हाई तर मी तपासू काय? कोण म्हणलं? पोलिसानं? मस्करी केली असंल त्यानं. ही बघा मशीनची नळी — सायलेन्सरमधी घालायची, गाडीला रेस द्यायची, मग आकडा येतो. तुमच्या गाडीला सायलेन्सरच न्हाई. नळी घालू कुठं, डिकीत?

हसा, हसा. बसा जरा व्हॅनच्या सावलीला. सकाळधरनं तुमीच पहिलं गिऱ्हाईक — आन् ते बी बिनकामाचं. राग मानू नका, कंटाळलोय मी. निघोजेतली आमची जमीन कंपनीत गेली, मग ही पीयूसीची व्हॅन टाकली — काय रांग लागायची राव! आमची इंद्रायणी, म्हंजी घरची, शेजारी बसून नंबर टाईप करायची, मी नळी धरायचो. दोघांनी मिळून धूर खाल्ला, पण छाती धरली तिचीच. आता घरी असती, दम्याचा पंप ओढीत. डॉक्टर म्हणतो, धुरापासनं लांब ठेवा. बरं, ठेवलं — पण पंप येतो कशावर? ह्याच धुरावर! आता तुमच्यासारख्या गाड्या वाढल्या, रिक्षा झाल्या, टेम्पो झाले. हवा सुधारली तर तिलाच बरं वाटंल, मला कळत न्हाई व्हय? पण खरं सांगू — एखादा ट्रक काळा धूर सोडत आला ना, की माझ्या जिवाला बरं वाटतं. बायको घरी धापा टाकतीया आन् नवरा धुराची वाट बघतोय. लाज वाटती राव.

म्हणतात, देशाचा धूर कमी व्हनार आन् धंदा वाढनार. वाढू दे की, माझं कुठं न्हाई म्हणणं? पण आमची जमीन बी गेली, आता धूर बी चालला — तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

थांबा, तिचाच फोन. — हां, बोल. व्हय, हाय की गिऱ्हाईक, रांग हाय! — राव, हळू बोलतो, ऐका. गाडीला रेस दिल्याचा आवाज फोनवर आला की तिला पटतं धंदा चाललाय. न्हाईतर पंप पुरवून पुरवून वापरती, दोनदाच्या जागी एकदा. तेवढी जरा रेस द्या… आरं तिच्यायला, हिला आवाजच न्हाई! मग हॉर्न वाजवा. वाजवा की राव!

— हां, ऐकलास? गर्दी हाय नुसती… काय? न्हाई गं, पेट्रोलचीच हाय… व्हय, नुसता हॉर्न वाजला… व्हय, रेस दिल्याबिगर पीयूसी कशी व्हईल. तुला काय सांगायचं, तूच बसायचीस शेजारी… बरं, ते ऱ्हाऊ दे. आज पंप घेतलास का? इंद्रे, सकाळचा घेतलास का न्हाई?… अगं, फोन ठेवू नको!

जावा राव तुमी. जावा.