दार उघडून बाहेर आलेल्या सिस्टर

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या मोठ्या सिस्टर आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी मोटार मेकॅनिक. या रुग्णालयाशी माझं नातं एका पेशंटच्या भावाचं. भाषणासाठी पत्र आलं तेव्हा पहिला विचार आला, मलाच का? बायको म्हणाली, तुम्हाला फुलांच्या गुच्छातही टाचणी दिसते. खरं आहे.

बारा वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण इथे ऑपरेशननंतर गेली. भर दुपारी. मी हातातल्या लोखंडी पान्यासकट गॅरेजमधून आलो, मागे वीस-पंचवीस माणसं. वॉर्डाचं दार आतून बंद. ते उघडून या सिस्टर एकट्याच बाहेर आल्या, दार पुन्हा लावायला सांगितलं आणि बाकावर बसल्या.

"रक्तस्राव माझ्या लक्षात आला होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. मी वीस मिनिटं त्यांची वाट पाहिली. दुसऱ्या कुणाला बोलवायला हवं होतं. माझं चुकलं."

मला सांगा, असं कोण कबूल करतं? मला वाटलं, ही बाई पोलीस येईपर्यंत वेळ काढतेय. मी त्यांना थप्पड मारली. चष्मा उडाला. सुरक्षारक्षक धावत आला. गर्दीत हात कुणाचा ते त्याला दिसलं नव्हतं. त्याला त्यांनी खुणेनंच थांबवलं. त्या बाकावरून उठल्या नाहीत. "आत सहा पेशंट आहेत," एवढंच म्हणाल्या. पाना माझ्या हातातच राहिला, उगारला गेला नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

चौकशी लागली. वाटलं, आता जबाब फिरवणार. त्यांनी ती वीस मिनिटं जशीच्या तशी लिहून दिली. बढती गेली, दोन वर्षं औषधभांडारात बसवलं. थप्पड कुणाची, हे मात्र तीनदा विचारूनही सांगितलं नाही. आमच्या माणसांनीही तोंड उघडलं नाही. झालं, माझा संशय आणखी वाढला! हे जपून ठेवलंय, कधीतरी माझ्यावर काढतील. गॅरेजसमोर अनोळखी माणूस थांबला तरी मी शटर अर्धं खाली ओढायचो. कुणी आलं नाही.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्यानं आवळलेला नट मी पुन्हा तपासणारा माणूस, तरी आईसाठी सिस्टरांचाच वॉर्ड मागितला. तीन दिवस बाहेर बसून पाळत ठेवली, तेही सांगून टाकतो. त्यांनी मला ओळखलं. जेवलात का, असं विचारलं. मी हो म्हटलं; जेवलो नव्हतो. आई आता छान हिंडते-फिरते.

तर ती थप्पड माझी. कुणाला तक्रार नोंदवायची असेल तर मी चहा होईपर्यंत इथेच आहे.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. शब्दांत काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. थपडेची माफी मात्र त्यात धरू नका. सिस्टर, ती मी वेगळी मागतो, आणि तुम्ही ती द्यायची घाई करू नका.