शेपटीवाला ठिपका

एवर्ट : तुझ्या भिडेला पडून घेतली मी ही काच, बिर्गर. आता मुकाट्यानं परत घे. ठिपका फुटलाय.

बिर्गर : फुटायला ते काय अंडं आहे? उजेडाचा ठिपका तो. बंदुकीवर बसवलेल्या काचेत लाल दिसतो, तो जनावरावर टेकवायचा आणि चाप ओढायचा. चाळीस वर्षं बंदुकीचं दुकान चालवतोय, फुटलेला ठिपका अजून पाहिला नाही.

एवर्ट : मग आज बघ. गोल म्हणून विकलास ना? याला शेपटी आहे. बुटाखाली लिंगनबेरीचं लाल फळ चिरडावं तसा दिसतो.

तूवा : बाबा, आधी कॉफी घे. काका, चार दिवस घरात हेच चाललंय. शेडच्या भिंतीवर नेम धरायचा, शिव्या द्यायच्या, परत नेम धरायचा. शेवटी मीच म्हटलं, चल, गाडीत बस.

बिर्गर : बापाला एकटं पाठवलं नाहीस ते बरं केलंस. दे ती काच. हं... मला तर गोल गरगरीत दिसतोय. तू बघ गं.

तूवा : गोल. टाचणीच्या डोक्यासारखा.

एवर्ट : झाले दोघं एक.

बिर्गर : आमचं राहू दे. मोबाइलनं फोटो काढतो, मोबाइलचं तुझ्याशी काही वैर नाही. हा बघ. गोल आहे की नाही?

एवर्ट : फोटोत आहे.

बिर्गर : आता परत काचेतून बघ. शेपटी कुठल्या बाजूला?

एवर्ट : उजवीकडे, खाली.

बिर्गर : मी काच आडवी करतो. आता?

एवर्ट : तिथेच.

बिर्गर : बरं, आता काच हलवत नाही. तू मान वाकडी कर. अजून. कान खांद्याला लाव.

तूवा : काय झालं, बाबा?

एवर्ट : शेपटी फिरली.

बिर्गर : म्हणजे ती काचेत नाही, एवर्ट. तुझ्या डोळ्यात आहे.

एवर्ट : कळलं. इतका काही बथ्थड नाही मी. ही काच ठेव तुझ्याकडे. रायफलही आणलीये, तिच्यावरची जुनी दुर्बीणही, तीही ठेव. गिऱ्हाईक आलं की विकून टाक.

तूवा : एवढ्यावरून? पंधरा दिवसांवर शिकार आलीये, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. टोळीतल्या तुझ्या सातव्या जागेवर कोण उभं राहणार?

एवर्ट : राहील कोणीतरी. तरणी पोरं काय कमी आहेत?

तूवा : अरे पण ठिपका नसेल जमत तर जुनी दुर्बीण परत बसव की. तिच्यातून स्पष्ट दिसतं, तूच सांगतोस. पलीकडच्या टेकडीवरच्या कावळ्याची चोचसुद्धा दिसते म्हणतोस.

बिर्गर : बरोबर बोलतेय पोरगी. दुर्बिणीला मागे कडी असते, फिरवून आपल्या डोळ्याजोगती करून घ्यायची. पन्नास माणसं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, ठिपका की दुर्बीण. लांबच्या मोकळ्या रानात दुर्बीण, दाट झाडीत जवळून धावत्या जनावराला ठिपका. तुझी सातवी जागा दोन्हींच्या मध्ये आहे, एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला झाडी. दुर्बिणीवरही भागेल तुझं.

एवर्ट : दुर्बीण नको.

बिर्गर : का?

एवर्ट : नको म्हणजे नको.

तूवा : काका, तुम्ही विचारू नका, मीच सांगते. हा अल्गोतकाकाला घाबरलाय. म्हणजे आपल्या भावाच्या दुखण्याला. अल्गोतकाकाला मधोमध दिसेनासं झालं, तसं आपलं होणार असं यानं धरून ठेवलंय. तीन वर्षं मी डोळे तपासून घे म्हणतेय, हा पेट्रोल पंपावरचे चष्मे आणून घालतोय.

एवर्ट : डॉक्टरनं एक चिठ्ठी पोलिसांकडे धाडली की बंदुकीचा परवाना गेला. अल्गोतचा तसाच गेला. शिकारीच्या सोमवारी खिडकीशी बसून तो आमच्या गाड्या मोजायचा. सांगायचा कितवी गाडी कोणाची, आवाजावरून.

बिर्गर : ती भीती मला समजते. पण मग दुर्बीण का नको, ते नाही समजलं. दिसत नसेल तर उलट तीच हवी.

एवर्ट : तूवा, तू जरा गाडीत जाऊन बस.

तूवा : मी बेचाळीस वर्षांची आहे, बाबा.

एवर्ट : बरं. मग ऐक. गेल्या वर्षी, बुधवारी, सातव्या जागेवरून एल्क गेलं आणि मी गोळी घातली नाही. आठवतं?

तूवा : कुत्रा मध्ये होता म्हणालास.

एवर्ट : कुत्रा मध्ये नव्हता.

तूवा : मग?

एवर्ट : मला काय दिसत होतं तेच मला कळलं नाही. सकाळपासून दलदलीकडे बघत होतो, म्हणून दुर्बिणीत सगळं नऊपट मोठं करून ठेवलेलं. ते परत लहान करायचं विसरलो. आणि झाडीत काटक्या मोडल्या, तीस पावलांवर. दुर्बीण डोळ्याला लावली तर नुसतं तपकिरी. डोकं नाही, पाय नाही, पुढचं नाही, मागचं नाही.

बिर्गर : घोड्याहून उंच जनावर, आणि भोकातून नुसते केस. अख्ख्या वेर्मलांडात असा शिकारी नाही ज्याच्यावर ही पाळी आली नाही. लाजण्यासारखं काय त्यात?

एवर्ट : ऐक तरी. मी सेफ्टी काढली होती. बोट चापावर होतं. तपकिरी आहे, मोठं आहे, एल्कच असणार, असं मनात म्हणत होतो. मग बोट काढलं. का काढलं, सांगता येणार नाही. हात घामेजले, घड्याळाचा पट्टा सरकला म्हणून घड्याळाकडे लक्ष गेलं. नऊ चाळीस. तुला वॉकीटॉकीवर सांगितलं, एल्क गेलं, कुत्रा मध्ये होता.

बिर्गर : सांगितलंस.

एवर्ट : आणि पाऊण तासानं त्याच झाडीतून ही बाहेर आली. ते तपकिरी जाकीट घालून. वर ओळखू यावं म्हणून घालतात ती नारिंगी बंडी होती, पण पुढून उघडी. हात हलवत आली, म्हणाली, कॉफी उरलीये का?

तूवा : बाबा...

एवर्ट : तेव्हापासून मला माहीत नाही मी कशावर नेम धरला होता. वर्ष झालं. रात्री डोळा लागायला आला की ते तपकिरी दिसतं. म्हणून म्हटलं, ठिपक्याची काच घेऊ. ती काही मोठं करत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, आजूबाजूचं सगळं रान दिसत राहतं. तर तिथे ही शेपटी. दुर्बिणीत भलतंच दिसतं आणि ठिपक्यात नीट दिसत नाही. अशा माणसानं घरी बसावं.

तूवा : तू मला विचारलं का नाहीस? एका शब्दानं?

एवर्ट : काय विचारणार होतो? बाई गं, मी तुला मारणार होतो का?

तूवा : नऊ चाळीस ना? नक्की?

एवर्ट : मरेपर्यंत विसरणार नाही.

तूवा : काका, माझ्या कुत्रीचा, सिपाचा पाय कापला तो बुधवारच ना?

बिर्गर : बुधवारच. ओढ्याकाठच्या जुन्या कुंपणाच्या तारेनं. म्हणूनच तर मी याला मध्ये अडवलं नाही. म्हटलं, याला सगळं ओकू दे.

तूवा : थांब, मोबाइलमध्ये असेल. सिपाच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून प्रत्येक दिवसाची वाट साठवलेली असते, तिचीही आणि माझीही. हे बघ, बाबा. चष्मा लाव. हा बुधवार. ही निळी रेघ मी. ही ओढ्यापलीकडे गेली, इथून सिपाला उचलून मागे फिरले, आणि इथे सव्वानऊपासून रेघ थांबलीये. सव्वानऊ ते दहाला पाच कमी, एकाच जागी.

एवर्ट : ती जागा कुठली?

बिर्गर : माझी गाडी. मोठ्या रस्त्यावर, तुझ्यापासून दीड किलोमीटरवर. तुझी मुलगी नऊ चाळीसला माझ्या गाडीत वाकून कुत्रीच्या पायाला पट्टी बांधत होती आणि माझी कॉफी संपवत होती. दालचिनीचा पावही खाल्ला, विचारलंसुद्धा नाही.

तूवा : मग सिपाला गाडीत ठेवून मी पायी तुझ्याकडे निघाले. झाडीत एल्कचे ताजे ठसे दिसले, एवढाले, म्हणून वाट सोडून आत शिरले. त्यातूनच बाहेर आले. तू एल्कवरच नेम धरला होतास, बाबा. ते गेलं तिथून.

एवर्ट : परत दाखव.

तूवा : ही बघ. नऊ चाळीस. इथे मी. आणि इथे तू.

एवर्ट : मधे हे एवढं सगळं रान?

तूवा : एवढं सगळं. रडतोस काय असा?

एवर्ट : रडत नाही. पेट्रोल पंपावरचा चष्मा आहे, टोचतो.

बिर्गर : घे, रुमाल घे. बंदुकीच्या तेलाचा वास येईल, पण धुतलेला आहे.

एवर्ट : म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं, बिर्गर? कुत्रा मध्ये नव्हता ते?

बिर्गर : तू वॉकीटॉकीवर कुत्रा मध्ये होता म्हणालास तेव्हा मी गाडीबाहेर उभा होतो आणि कुत्री माझ्या मागच्या सीटवर कण्हत होती. दुसरा कुत्रा त्या दिवशी रानात नव्हता.

एवर्ट : आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर काही बोलला नाहीस.

बिर्गर : आपल्या टोळीत कुत्रा मध्ये होता म्हणणाऱ्याला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. माझ्या बापानं घालून दिलेली रीत आहे ती, मी मोडू?

तूवा : म्हणूनच कोणाला पत्ता लागला नाही. मला ते संध्याकाळी कळलं, वाटलं सकाळच्या पहिल्या फेरीतली गोष्ट असेल, तेव्हा सिपा खरंच तिकडे होती.

एवर्ट : टोळीचा म्होरक्या तू. खोटं बोललेल्या माणसाला यंदाही सातवी जागा दिलीस?

बिर्गर : नीट दिसलं नाही म्हणून ज्यानं चाप ओढला नाही, त्याच्या शेजारच्या जागेवर मी डोळे मिटून उभा राहीन. मला धास्ती आहे ती ज्यांना नेहमी सगळं दिसतं त्यांची. आता इकडे ये. हा पत्ता घे.

एवर्ट : इस्पिकची सत्ती? पत्ते खेळायची वेळ आहे का ही?

बिर्गर : मधोमध टाचणीनं भोक पाडलंय. डोळ्याशी धर आणि त्यातून काचेतला ठिपका बघ.

एवर्ट : हे काय?

तूवा : काय दिसतंय?

एवर्ट : शेपटी गेली. बारीक आहे, पण गोल आहे. कशी काय गेली?

बिर्गर : कशी ते मला विचारू नकोस. या मोसमात फुटका ठिपका घेऊन आलेला तू तिसरा आहेस, म्हणून पत्ता ड्रॉवरमध्येच ठेवतो. समोरची चष्मेवाली आग्नेता सांगते, भोकातून गोल दिसला तर बहुधा डोळ्याच्या पुढच्या काचेला नुसता बाक असतो, चष्म्यानं निघतो. पण बहुधा म्हणजे खात्री नव्हे. अल्गोतचं दुखणं मागच्या पडद्याचं होतं, ते तिलाच बघू दे. दुपारची मोकळी असते. जा.

एवर्ट : आज?

तूवा : आत्ता. ऊठ.

(दीड तासानं. तेच दुकान.)

बिर्गर : हे काय घालून आलास तोंडावर? घोड्याचा लगाम?

तूवा : डोळे तपासायची फ्रेम आहे तिची. सोडायलाच तयार नाही. असाच रस्ता ओलांडला, लोक थांबून बघत होते. आग्नेता म्हणाली, दहा मिनिटांत परत आणा.

बिर्गर : आणि?

तूवा : पडदा स्वच्छ. तिनं थेंब घालून, फोटो काढून पाहिला. अल्गोतकाकाचं काही नाही. बाक आहे, उजव्या डोळ्याला चांगलाच. शाळेत असल्यापासून असणार म्हणाली, वयानं वाढलाय. चष्मा आठवड्यात मिळेल.

एवर्ट : आणि पोलिसांना कळवण्यासारखं काही नाही. मी तीनदा विचारलं.

तूवा : चारदा.

बिर्गर : थेंब घातलेत म्हणजे आज थोडं धूसर दिसेल. तरी घे, बघ. शेपटी?

एवर्ट : नाही. गोल आहे. जरा चमकतोय, पण गोल. बिर्गर, ही काच फुटलेली नव्हती.

बिर्गर : असं म्हणतोस?

तूवा : याची माफी म्हणायची ही, काका. यापेक्षा जास्त मिळणार नाही.

बिर्गर : पुरे मला. चल, रायफल इकडे दे, पेच आवळतो. आता सांग, दोन्ही ठेवल्यात टेबलावर. चष्मा आला की तुला दुर्बीणही चालेल आणि ठिपकाही. कुठली बसवू?

एवर्ट : दुर्बीण तू ठेव, कोणाला टेकडीवरचा कावळा बघायचा असेल तर दे. मला ही बसव. हिच्यातून नेम धरला तरी बाजूनं कोण येतंय ते दिसतं.