मनगटाकडं बघणारा डोळा

माझं माहेर देवळ्याचं, रागावले की अजून तोंडात ‘हाय’च्या जागी तिकडच्या अहिराणीतलं ‘शे’ येतं. बाप बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून बाजार करायचा, आणि लग्न होऊन देवळाली कॅम्पात आले तर सासरीबी बांगड्याच. काय सांगू तुम्हाला, लग्नसराईत मला जेवायला सवड नसायची. चुडा भरावा तर मालतीनंच, असं बायका म्हणायच्या. नवरीला बोलण्यात गुंतवायचं, अंगठा असा आत दाबायचा, हिरवी बांगडी कधी चढली तिला कळायचंबी नाय. लय गोड दिवस व्हते ते.

मंग कपाळावर नागीण उठली. सासू बिचारी गेरू लावीत बसली, नागिणीचं तोंड न शेपूट जुळू नये म्हणून, आणि ती डोळ्यातच उतरली. मोठा डॉक्टर म्हणला, बाई, हा विषाणू हाय, आता डोळा काढल्याबिगर ठणका जायचा नाय. काढला. मला डोळ्याचं एवढं नाय वाटलं, पण काणीच्या हातनं नवरीचा चुडा कोण भरून घेईल हो? काळा चष्मा लावून बाजारातल्या एका घरी गेले, तर नवरीची आजी दारातच म्हणली, चुडा झाला बाई भरून, आणि मागं पोरगी मोकळ्या हातानं उभी. मी रस्ताभर रडले.

आमच्या ह्यांनी मला नाशकात नेलं, डोळे बसवणाऱ्याकडं. त्यानं खोबणीचा साचा घेतला, माझ्या धड डोळ्याकडं बघून बुबुळ रंगवलं, बारीक लाल शिरासुद्धा काढल्या. आरशात बघितलं न जीव भरून आला. हे म्हणले, आता परत तुला बघायला येतो, पोहे कर.

पण पहिल्याच चुड्याला नवरीनं हात वढला आणि बांगडी वाढली, फुटली म्हणत नाय आम्ही. मावशी, तुमचा एक डोळा माझ्या तोंडाकडंच बघतोय, म्हणली. खरंच की, मी मनगटाकडं बघायचे आणि तो आपला सरळच. परत नाशकात त्या डोळेवाल्याकडं गेले न म्हणलं, दादा, ह्याला जरा खाली बघायला लावा. तो म्हणला, अहो, सगळे सरळच मागतात, फोटोत वाईट दिसंल. म्हणलं, माझं पोट फोटोवर नाय, मनगटावर हाय. हसला, पण नवा करून दिला.

त्या आजीच्या धाकट्या नातीचा चुडा मीच भरला. आजी जवळ बसून माझ्या तोंडाकडं बघत व्हती, दोन्ही हात भरून झाले, एक बांगडी वाढली नाय, तेव्हा तिनं स्वतःचा हात पुढं केला, मलाबी भर म्हणली. एवढं सुख मला कशाचं झालं नाय.

आता पोरी दुकानातनं डबा नेतात न आपल्या आपण घालतात. चालायचंच. लेकाच्या लग्नातल्या फोटोत मी खाली बघतेय, सून म्हणती, सासूबाई, नवरी मी का तुम्ही? पण बाई, तुम्ही मघाधरनं लिहिताय आणि मी बघतेय, मनगट मोकळं हाय तुमचं. सुखी ऱ्हा. तो पेन ठेवा खाली, आणा हात इकडं.