सुदर्शन साहेब, जायच्या आधी आरतीचा कागद द्या

तीन महिने झाले अर्ज देऊन, अन् दर खेपेला एकच उत्तर, "विचाराधीन आहे." एवढा कसला विचार करून राहिलात? आमच्याकडं पोरीचं लग्न जमवायला बी तीन महिने लागत न्हाईत! हे आधी बोलून घेतलं, कारण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला पाच मिनटं दिलीत, अन् मान्यवरांची नावं घेण्यातच तीन जातात.

आता नावं घेते. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय निजामोद्दीन साहेब, ज्यांना निरोप द्यायचा ते डॉक्टर सुदर्शन साहेब, नांदेडहून आलेले पाहुणे (तुमचं नाव चिठ्ठीवर हाय, पण अक्षर मुंगीएवढं, राग धरू नका), अकरा वर्षं आमच्या दंडातून रक्त काढणाऱ्या वहिदा सिस्टर, समोर बसलेले समदे डॉक्टर लोक, शिकणारी पोरंपोरी, अन् मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेली मंडळी, समद्यांना शरणू शरणार्थ.

मी दानम्मा. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर आमचं गाव. शाळा तिसरी. माझ्या आधीच्या दोघांनी साहेबांचं संशोधन इंग्रजीत सांगितलं, लातूरच्या भिंतींना लई आवडलं असंल. मी आपल्या भाषेत सांगते. आमच्या घराण्यात ऐन तिशीत माणसाचं बीपी चढतं. मग पाय सुजतात. मग किडन्या फेल होतात. का? तर रक्तात बापजाद्यांकडून आलेली एक खोट हाय. कुणाच्या वाट्याला येती, कुणाच्या येत न्हाई. ती खोट नेमकी कुठं दडली, हे साहेबांनी अकरा वर्षं धुंडाळलं, अन् सापडवलं. झालं संशोधन. चार पोस्टर लागत न्हाईत त्याला.

साहेब पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आले तवा आम्हाला वाटलं, विम्यावाले आले. मशीन काढलं. आमचे मालक, सिद्रामप्पा, म्हणले, "आधी तुमचं मोजा, मग आमचं." साहेबांनी हसत हसत दंडाला पट्टा बांधून घेतला. वहिदा सिस्टरनी मोजलं, अन् पुन्हा एकदा मोजलं.

"किती?"

"एकशे छप्पन्न."

मालक म्हणले, "अवो डॉक्टर, तुम्हीच जरा बाजंवर आडवं व्हा की!"

साहेब म्हणतात, "रस्ता खराब होता, त्यामुळं असेल." रस्ता अजून तसाच हाय, अन् साहेब अजून गोळी खातात. वहिदा सिस्टर, हसू नका, तुम्हीच सांगितलं मला. मग मालकांचं मोजलं, तर एकशे नव्वद. तवा मालक म्हणले, "हे मशीनच खराब हाय."

मग वही निघाली. बाप्याला चौकोन, बाईला गोल, असं घराणं काढायचं असतंय. साहेब शिकले पुण्याला. आमच्या भागात मामाला भाची देतात, हे तिकडं कुणी शिकवलं न्हाई. मला विचारलं, "तुमचे पती?"

म्हणलं, "हे काय, बसलेत."

"तुमच्या आईला भाऊ किती?"

"एकच."

"ते कुठं असतात?"

"हे काय, बसलेत."

साहेबांनी चष्मा पुसला, पाणी प्यायले, अन् लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते वर्षानं कळलं. रक्त द्यायला आम्ही इथं लातूरला आलो, तर आमचं घराणं भिंतीवर, हे एवढं मोठं छापून! आरती, माझी पोरगी, तवा चौदा वर्षांची. बोट लावून वाचत गेली अन् म्हणली, "आई, तू दोनदा हायस." बघितलं तर खरंच. आईच्या खाली एक दानम्मा, लेक म्हणून. मालकाच्या शेजारी दुसरी दानम्मा, बायको म्हणून. दोघींचं वय बी सारखंच! मी म्हणलं, "साहेब, ह्या दुसरीचा पत्ता द्या. दिवाळीचं दळण तिच्यावर टाकते."

समदे हसले. साहेब हसले न्हाईत. दिल्लीच्या मोठ्या सभेत त्यांनी आमच्या घरची बेचाळीस माणसं सांगून टाकली होती, अन् आम्ही एक्केचाळीसच. दुसरा कुणी असता तर भिंतीवरचा कागद काढून गप बसला असता. हे गृहस्थ आठ दिवसांत गावात आले अन् नागम्माच्या पुढं मांडी घालून बसले. नागम्मा म्हणजे माझी आजी, अन् लग्न झाल्यावर माझी सासू. "अव्वा, माझं चुकलं. पुन्हा सांगा." अव्वानं तीन दिवस सांगितलं. कोण पाय सुजून गेलं, कोण तोंड सुजून गेलं. साल विचारलं की म्हणायची, "विहीर आटली त्या साली." साहेबांनी विहिरी धरून सालं काढली. शिकणाऱ्या पोरांनो, मोठेपणा ह्याला म्हणतात. टाळ्या ह्याला वाजवा, शालीला काय वाजवता?

अजून एक उपकार हाय, तो हसण्यावारी नेऊ नये. माझ्या लग्नाच्या सालीच सासरे पाय सुजून गेले. गाव म्हणलं, दानम्माचा पायगुण. वीस वर्षांच्या वर ऐकलं मी ते. घरात कुणाचं बोट सुजलं तरी माझ्या पायाकडं बघायचे. सुदर्शन साहेबांनी मारोतीच्या देवळापुढं माणसं बसवून सांगितलं, "हे हिच्या पायानं आलेलं नाही. हिच्या जन्माच्या आधीपासून तुमच्या रक्तात आहे." त्या दिवशी नागम्मानं पहिली गरम भाकर माझ्या ताटात टाकली. साहेब, त्या भाकरीचे आभार मानायला मी आज एसटीत दोन तास उभी राहून आले.

आली का चिठ्ठी? "वेळ संपली." ठेवा तिथंच, टेबलावर. आमच्या मालकांना आठवड्यातून दोनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसवतात. तुम्ही गादीच्या खुर्चीत दहा मिनटं बसा.

व्हय, सिद्रामप्पाच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी द्यावी म्हणलं तर माझंच बीपी चढलेलं, डॉक्टरनी दारातूनच परत पाठवलं. आरतीची जुळती. आरती आता चोवीस वर्षांची हाय, उदगीरला शाळेत शिकवती. ती म्हणती, "मी देणार." मालक म्हणतात, "तुझ्यात बी ही खोट असंल तर? एक मला दिली अन् दुसरी उद्या बसली, मग?"

"बाबा, नसंल बी."

"नसंल तर कागद दाखव. तवर मी खुर्चीवरच बरा."

"अन् खुर्चीवर किती दिवस काढणार?"

"तुझ्यापेक्षा कमीच काढायचेत मला."

मग दोघं बी जेवत न्हाईत, अन् माझ्या भाकऱ्या वाळतात. कोण चुकतंय, सांगा? मला तर दोघांचं बी पटतंय. अन् पोरीला ही खोट दोन्हीकडून येऊ शकती, बापाकडून बी अन् माझ्याकडून बी, कारण आम्ही दोघं एकाच वेलाचे.

हैदराबादच्या डॉक्टरांनी ह्या बावीस तारखेचं ऑपरेशन धरलंय. ते म्हणले, "घराण्यातली खोट कुठल्या जागी आहे ते लिहून आणा, आम्ही आठ दिवसांत पोरीचं रक्त तपासून खात्री करतो. जागा माहीत नसेल तर वेळ लागेल." बरोबरच हाय. तुरीच्या राशीत कानातलं हरवलं, तर कुठल्या कोपऱ्यात पडलं ते सांगणारा पाहिजे, न्हाईतर समदी रास उपसा.

ती जागा साहेबांना माहीत हाय. आरतीचं रक्त बी तपासून झालंय. मी विचारलं तर साहेब खाली बघून म्हणतात, "दानम्मा, ते संशोधनाचं रक्त. नावं झाकून नंबर टाकलेत. नंबर उघडायचा तरी, जागा लिहून द्यायची तरी, इथल्या संशोधन कमिटीची सही लागते." नियम चांगला हाय, मला पटला. एकाच्या रक्तातलं दुसऱ्याला सांगू नये म्हणून नियम. पण जिचं रक्त तिलाच सांगायचं न्हाई, हे कुठलं? आरतीनं स्वतः अर्ज केलाय, स्वतःच्या सहीनं. अन् कमिटी म्हणं बसणार दिवाळीनंतर. सुदर्शन साहेब चालले बुधवारी बेंगळूरला. मग दिवाळीनंतर नंबर कुणाला विचारायचा? भिंतीला?

कमिटीचे अध्यक्ष कोण, हे मी बाहेर शिपायाला विचारलं. तो म्हणला, "आजचे अध्यक्ष तेच." निजामोद्दीन साहेब, तुम्ही मघापासून गोड हसून राहिलात, म्हणून तुम्हालाच बोलते. कमिटीची माणसं सात. त्यातली पाच आज ह्या हॉलात हायत, फुलं घेऊन बसलीत. बसायला दिवाळी कशाला पाहिजे, बसलेलीच हायत की!

सुदर्शन साहेब, तुम्ही बेंगळूरला सुखानं जा. गोळी वेळेवर खा. तुमच्या हातून अजून लई घराण्यांचं भलं होवो. वहिदा सिस्टर, तुमची सुई कधी दुखली न्हाई. ज्यांनी मला इथं उभं केलं त्यांचे आभार, ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांचे बी. माझ्या बोलण्यात खडा लागला असंल तर निवडून बाजूला टाका, डाळ तेवढी घ्या.

पण सोमवार. बावीसच्या आधी हैदराबादला आठ दिवस पाहिजेत, म्हणून सोमवारी दुपारी बारा वाजेपर्यंत सही अन् जागा लिहिलेला कागद. "खोट हाय" म्हणून कागद आला, तर पोरीला मी धरून ठेवीन, ती माझी जिम्मेदारी. "न्हाई" म्हणून आला, तर खात्री करून घ्यायला त्याच दिवशी हैदराबाद गाठू. "विचाराधीन" म्हणून आला, तर मी तो हातात घेणार न्हाई.

निजामोद्दीन साहेब, मान हलवू नका, मान मागच्यांना दिसत न्हाई. हा माईक तुमच्यापुढं धरते. तोंडानं सांगा, सोमवारी देता का?