बापाचा वाण

— हात लावा की बिनधास्त, पाव्हणं, काही करत न्हाई तो. धरा शिंग, ओढा. बघा — मारायचं तर दूर, तुमची बोटंच चाटायला लागला. गावातली लेकरं ह्याच्या पाठीवर बसून पार त्या लिंबापस्तोर जात्यात. पर हा मेंढा इकायचा न्हाई. भोकरदनवरून दोन यष्ट्या बदलून आलात, समजतंय मला — ते पलीकडचे दोन हायेत, त्यातला कोणता बी न्या. हा न्हाई. काय म्हणता? बाप कसला होता ह्याचा? बराबर इचारलं. मेंढरामागं वाढलेला माणूस पयलं हेच इचारतो. म्या सारी उमर दुसरं काही इचारलंच न्हाई.

ह्याच्या बापानं माणूस मारला. खरं सांगतो. शेजारचा म्हातारा अण्णासाहेब पाणी पाजायला वाकला, अन् मागून अशी धडक दिली — आठव्या दिवशी म्हातारा गेला. मी तो मेंढा खाटकाला देऊन टाकला अन् त्याची जेवढी नर पिल्लं होती तेवढी एका सकाळी खच्ची केली. खाण तशी माती, मंग वाढवायची कशाला? एकच राह्यला, हा. ह्याची माय मेल्ती, आमच्या मंडळीनं, गोजरबाईनं, बाटलीनं दूध पाजून घरात वाढवला. मी पातं घेऊन आलो तर ह्याला पदराखाली घेऊन बसली. म्हणली, ह्याचा बाप कसा का असंना, ह्याला म्या वाढवलाय. चार वर्षं झाली. मी रोज वाट बघून राह्यलो — आज धडक देईल, उद्या देईल. ह्याची पिल्लं झाली, ती बी गाईवाणी गरीब. मंग ते रक्त कुठं गेलं, पाव्हणं? सांगा की. कुठं गेलं?

बसा, बसा, यष्टीला टाइम हाये. गोजर विहिरीवर गेलीय पाण्याला. उद्या तुम्ही तुमच्या गावात अन् मी माझ्या, म्हणून बोलतो. आमच्या आजानं सख्खा भाऊ मारला, पाण्याच्या पाळीवरून. माझ्या बापानं, सर्जेरावानं, माझी माय मारली. मी सहा वर्षांचा. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून. एकच लाकूड हाणलं, अन् मंग दिवसभर तिच्याच उशाला बसून रडला. हे तोंड बघा माझं, हेच त्याचं. हा अंगठा, हाच. माझ्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं, हिच्या हातून एक कोकरू हरवलं अन् म्या काठी उचलली. नुस्ती उचलली. पर तो हात माझा नव्हता हो, बापाचा होता. हिनं डोक्यावर हात घेतले — माझ्या मायनं घेतले होते तसेच.

शहात्तर साल ते. नसबंदीची गाडी आली की गडीमाणसं ज्वारीत लपायची, अन् मी आपल्या पायानं तालुक्याला गेलो. चोवीस वर्षांचा. म्हणलं, मेंढ्यांचं करतो तेच आपलं करू, हा वाण इथंच थांबू द्या. तिथला माणूस म्हणला, लेकरं किती? लेकरं नसलेल्याला घेत नव्हते. म्हणलं, दोन. नावं? — नावं! तोंडाला आली ती सांगितली. राधाकिसन, तीन वर्षं. साखरा, एक वर्ष. त्यानं लिहून घेतलं. लिहिलं की हो! तवापून ती दोघं माझ्या मागं हायेत. राधाकिसन आता पंचवीसचा झाला. साखराचं लग्न झालं असंल. बाजारात त्या वयाचं पोरगं दिसलं की मी त्याचा अंगठा बघतो. हसू नका. येडा न्हाई मी.

हिला सांगितलं न्हाई. बावीस वर्षं. हिनं जांबच्या देवाला नवस केले, उपास केले. डॉक्टरीणबाई म्हणली, तुझ्यात बिलकुल खोट न्हाई, मालकाला घेऊन ये. मी गेलो न्हाई. हिच्या भाच्याच्या बारशात हिला पाळण्याच्या दोरीला हात लावू दिला न्हाई — तशीच परत आली अन् ह्या मेंढ्याच्या गळ्यात पडून रडली. दुसरी करा म्हणून माझ्या पाया पडली. मी नको म्हणलो, तर गाव म्हणतंय, काय देवमाणूस! वांझ बायको संभाळून राह्यलाय.

दोन वर्षांमागं वडीगोद्रीला मेंढरांचा डॉक्टर आल्ता. पडद्यावर चित्रं दाखवली. जनुकं म्हणत्यात, डोळ्याला दिसत बी न्हाईत, पर शिंग, लोकर, उंची, सगळं त्यात लिहिलेलं. मला बरं वाटलं, म्हणलं शास्त्र बी माझंच बोलतंय. मंग उठून इचारलं — अन् साहेब, राग? तो म्हणला, थोडाफार. बाकी वाढवणाऱ्याच्या हातात. थोडाफार! म्या सगळंच देऊन बसलो, अन् हा म्हणतो थोडाफार. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागला — हे तर आमच्यात शेंबडं पोर बी म्हणतं. मला कसं आठवलं न्हाई तवा? बावीस वर्षांत पुन्हा काठी उचलली न्हाई म्या. हिच्याशेजारीच तर बांधलो होतो.

नाव? मेंढ्याचं? — तापात बरळलो मी एकदा, राधाकिसन, राधाकिसन. ती म्हणली, कोण हो? म्हणलं, बाजारातला दोस्त. तिला नाव आवडलं, ह्याला ठेवलं. आता रोज हाक मारती — राधाकिसना, ये रे माझ्या लेकरा. मी कान झाकून घेतो. इकला तर ती हाक बंद होईल, लई वाटतं इकावा. पर तिला हा एवढाच हाये.

आली. ती बघा, घागर घेऊन. उठा तुम्ही. तिला पाणी मागू नका — न्हाई, ती देणारच. अन् इचारील. नव्या माणसाला पयलं हेच इचारती, लेकरंबाळं किती? तुम्हाला किती? तीन. चांगलं हाये. तिला सांगा, मला एक बी न्हाई. एखाद्याच्या तोंडून तरी ऐकू द्या तिला. मला खोटं बावीस वर्षं जमलं, तुम्हाला पाणी पिऊस्तोर जमंना का?

— ये गोजर, ये. पाव्हणं निघालेच होते. मेंढा नको म्हणत्यात.